झेडएक्स ८१ला १६के रॅम पॅक लावला की मशीन मध्येच गोठतं, त्यावर उपाय

झेडएक्स ८१ म्हणजे सिंक्लेअरचा छोटा घरगुती संगणक; त्याची मेमरी वाढवणारी १६के रॅम पॅकची डबी मागे लावून तुम्ही मशीन सुरू करता. पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात काळ्या चौकोनातला पांढरा 'के' येतो. तुम्ही निवांत पन्नास-साठ ओळी टाइप करता आणि एखादं बटण जरा जोरात दाबलं जातं. पडदा एकदम पांढरा होतो, नाहीतर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडतो, आणि मग कुठलंच बटण चालत नाही. वीज बंद करून परत दिली की सगळं सुरळीत, पण टाइप केलेलं सगळं गेलेलं असतं. दोन दिवस बरं चालतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या दुखण्याला इंग्लंडात तेव्हापासूनच नाव पडलंय: रॅम पॅक वॉबल. म्हणजे पॅकचं डुगडुगणं. हे नावच माणसाला चुकीच्या वाटेला लावतं असं माझं मत आहे. पॅक डुगडुगतो ना, मग खाली कागदाची घडी सारा, ब्लू-टॅकचा गोळा लावा, रबर बँड गुंडाळा, एवढ्यावर लोक थांबतात. माझ्याकडचं मशीन काकांनी १९८३ साली लंडनहून आणलेलं. ते चालू ठेवता ठेवता ओळखीपाळखीच्या आणखी पाच मशीनांवर मी काम केलं. सहाही जणांची तक्रार एकच होती, 'पॅक हलला की बंद पडतं'. प्रत्यक्षात चार ठिकाणी जोड खराब होता, एका ठिकाणी वीज कमी पडत होती आणि एका पॅकमधली चिप गेली होती. बाहेरून तिन्ही बिघाड अगदी सारखे दिसतात. म्हणून नवा पॅक मागवण्याआधी, आणि मशीनचे स्क्रू काढण्याच्या तर खूपच आधी, यांतला आपला बिघाड कोणता ते ठरवायला हवं.

पॅक लावल्यावर नक्की काय होतं

झेडएक्स ८१ मार्च १९८१मध्ये बाजारात आलं. आत झेड८०ए प्रोसेसर, ८के रॉम (न पुसली जाणारी, आधीच भरलेली मेमरी), फेरांटी कंपनीची यूएलए नावाची खास या मशीनसाठी घडवलेली चिप आणि फक्त १के रॅम. सगळ्या मशीनचं वजन ३५० ग्रॅमच्या आसपास. मागच्या खाचेतून सर्किट बोर्डाची कड बाहेर डोकावते. तिच्यावर वर-खाली २३-२३ जागा असतात आणि त्यातली तिसरी जागा कापून खाच केलेली असते, म्हणजे प्रत्यक्षात ४४ पट्ट्या. रॅम पॅक या कडेवर अडकतो, आणि बहुतेक पॅकना दुसरा काहीच आधार नसतो. स्क्रू नाही, खटका नाही, खालून टेकू नाही. पॅकचा सगळा भार त्या ४४ जोडांवर लटकतो. त्यातून कीबोर्ड पातळ पापुद्र्याचा, बटण दाबायला बोटाचा चांगला जोर लागतो, आणि दर दाबाला हलकं मशीन पुढून किंचित खाली जातं.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. पॅक लावला की १के अधिक १६के असे १७के होत नाहीत. पॅक रॅमसीएस नावाच्या रेषेवरून आतली १के बंद करतो आणि स्वतः तिची जागा घेतो. त्यामुळे प्रोग्राम, पडद्यावरच्या चित्राची माहिती, प्रोसेसरचा स्टॅक (त्याच्या तात्पुरत्या नोंदींची चवड), मशीनच्या स्वतःच्या नोंदी, सगळंच मागच्या पॅकमध्ये जातं. शिवाय या मशीनमध्ये चित्र काढायचं काम प्रोसेसरच करतो. तो सेकंदाला ३२.५ लाख ठोके घेतो, म्हणजे एखादा जोड एक हजारांश सेकंद जरी सुटला तरी ३,२५० ठोके वाया गेले. तेवढ्यात त्याने चुकीची सूचना उचलली की तो भरकटतो. सर्वांत आधी चित्र का जातं, ते यावरून कळेल.

जोड खराब होतो म्हणजे काय होतं

बोर्डाच्या कडेवरच्या तांब्याच्या पट्ट्यांना सोन्याचा मुलामा नसतो, कल्हई असते. कथील मऊ असतं, पण त्याच्यावर हवेने ऑक्साइडचा जो पापुद्रा येतो तो कडक असतो आणि त्यातून वीज जात नाही. पॅक बसवताना कनेक्टरची स्प्रिंग तो पापुद्रा फोडून खालच्या ताज्या कथलाला भिडते आणि जोड छान बसतो. आता पॅक किंचित हलला, अगदी केसाच्या जाडीपेक्षाही कमी, की स्प्रिंग शेजारच्या जागी सरकते. उघडं पडलेलं ताजं कथील पुन्हा ऑक्साइड होतं. पुढच्या हालचालीला तो नवा पापुद्रा फुटतो आणि त्याची पूड तिथेच साचते. असं हजारो वेळा झालं की स्प्रिंग आणि पट्टी यांच्यामध्ये त्या पुडीची गादी तयार होते. मेकॅनिक लोक याला फ्रेटिंग म्हणतात.

डोळ्यांनी दिसणारं डुगडुगणं हा मोठा धक्का असतो, त्याने मशीन त्या क्षणी बंद पडतं. पण ते दर आठवड्याला परत परत बंद पडतं ते न दिसणाऱ्या हालचालीमुळे. पॅक काढून परत लावला की पूड थोडी बाजूला सरते, म्हणून दोन दिवस बरं चालतं. आपल्याला वाटतं दुरुस्त झालं. खरं तर दर काढ-घालीला कल्हई थोडी आणखी झिजते. मुंबई-ठाण्यासारख्या दमट हवेत कल्हई जाऊन तांबं उघडं पडलं की ते पावसाळ्यात काळं-हिरवं व्हायला वेळ लागत नाही.

माझ्या मशीनच्या पट्ट्या मी पहिल्यांदा भिंगाखाली धरल्या तेव्हा हे मला प्रत्यक्ष दिसलं. प्रत्येक पट्टीवर तीन-चार मिलिमीटर लांबीचा एक चकचकीत ओरखडा होता, पॅक सरकवताना पडलेला. ओरखड्याच्या शेवटी, जिथे स्प्रिंग टेकून राहते नेमकं तिथे, टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका. ४४ पट्ट्यांवर ४४ ठिपके, सगळे एका ओळीत. उरलेली पट्टी करड्या रंगाची पण स्वच्छ. तोपर्यंत मी पट्टीचा सगळा पृष्ठभाग पुसत बसायचो. खरी घाण त्या ठिपक्याएवढ्याच जागेत होती.

आधी तीन प्रश्न

मशीन कधी बंद पडतं, हे एका वहीत लिहून ठेवा. चार-पाच नोंदी पुरतात. बटण दाबताना, टेबलाला धक्का लागताना किंवा मशीन उचलताना बंद पडत असेल तर संशय जोडावर. हात न लावता, सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, किंवा रोज ठरावीक वेळेला बंद पडत असेल तर संशय विजेवर. सुरुवातीलाच 'के' येत नाही, किंवा येतो पण मेमरी दर वेळी नेमक्या एकाच जागी तुटकी दिसते, असं असेल तर संशय चिपवर.

ही तुटकी जागा कशी कळणार? त्यासाठी मशीनमध्येच सोय आहे. सुरू होताना रॉम मेमरीच्या १६३८४ ते ३२७६७ या पत्त्यांवर वरून खाली सगळीकडे २ हा आकडा लिहितो. मग खालून वर जात प्रत्येक जागेतून दोनदा एक-एक वजा करून शून्य येतं का ते बघतो. जिथे गणित चुकतं तिथे थांबतो आणि तो पत्ता रॅमटॉप म्हणून लिहून ठेवतो. हा ८के रॉम नाइन टाइल्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या स्टीव्ह व्हिकर्स यांनी लिहिला. इतक्या थोड्या जागेत बसवलेली ही तपासणी मला फार आवडते. ती वाचायला एवढंच टाइप करा:

प्रिंट पीक १६३८८+२५६*पीक १६३८९

'प्रिंट' म्हणजे पी बटण. 'पीक'साठी आधी शिफ्ट धरून न्यूलाइन दाबायचं, मग ओ. उत्तर ३२७६८ आलं तर १६के पूर्ण दिसतेय. १७४०८ आलं तर मशीनला पॅक दिसतच नाहीये, ते आतल्या १के वर चाललंय. अमेरिकेतल्या टायमेक्स सिंक्लेअर १०००मध्ये आत २के असल्याने तिथे हाच आकडा १८४३२ येतो. १७४०८ आणि ३२७६८ यांच्या मधला एखादा वेडावाकडा आकडा आला तर तो नीट लिहून घ्या.

हीच तपासणी लागोपाठ दहा वेळा करायची आहे. 'न्यू' ही कमांड त्यासाठी चालत नाही. ती आधीच्या रॅमटॉपपर्यंतचीच मेमरी पुसून तपासते, त्याच्या वरची नव्याने मोजत नाही. दर वेळी वीज बंद-चालू करण्यापेक्षा 'रँड यूएसआर ०' टाइप करा. त्याने प्रोसेसर पत्ता शून्यावर जातो आणि मोजणी पहिल्यापासून होते. दहाही वेळा ३२७६८ आलं तर त्या घडीला जोड ठीक आहे. दर वेळी वेगळा आकडा येत असेल तर जोडच खराब, त्यात मला आजवर अपवाद दिसला नाही. दर वेळी तोच चुकीचा आकडा येत असेल तर बहुधा पॅकच्या चिपमधला तेवढा एक कण गेलाय.

या तपासणीतही एक भोक आहे. ती फक्त २, १ आणि ० हेच आकडे वापरते, त्यामुळे वरच्या सहा बिटांपैकी एखादा कायम शून्यावर अडकलेला असला तरी तिला कळत नाही. म्हणून ३२७६८ आल्यावरही मी एक छोटा प्रोग्राम चालवतो. फास्ट मोडमध्ये २०००० ते ३१००० या पत्त्यांवर पोक करून १७० लिहायचं. सगळं लिहून झाल्यावर वेगळ्या लूपमध्ये वाचायचं आणि १७० नसेल तो पत्ता छापायचा. मग हेच ८५ घेऊन करायचं. १७० आणि ८५ मिळून आठही बिट एकदा चालू, एकदा बंद होतात. ३१०००च्या वर जाऊ नका, तिकडे स्टॅक असतो. बेसिकमध्ये याला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ पडदा कोरा राहतो, त्याने घाबरू नका.

जोडाची सफाई

सगळ्यात आधी भिंतीवरचं बटण बंद. पॅक चालू मशीनवर कधीही काढू किंवा लावू नये. कारण कडेच्या एका टोकाला, खाचेच्या अलीकडे, ५ व्होल्टची आणि ९ व्होल्टची पट्टी अगदी शेजारी-शेजारी आहेत, दोघींच्या मध्यांत २.५४ मिलिमीटरचं अंतर. पॅक तिरका निघाला आणि स्प्रिंगने दोन्ही पट्ट्या जोडल्या की ९ व्होल्ट थेट ५ व्होल्टच्या रेषेवर जातात. प्रोसेसर, रॉम आणि यूएलए तिन्ही त्याच रेषेवर आहेत. यूएलए गेली तर नवी सहज मिळत नाही. पॅकच्या कनेक्टरमध्ये तिसऱ्या जागी एक छोटी प्लास्टिकची पाचर असते, ती बोर्डाच्या खाचेत बसते आणि पॅक एक घर सरकू देत नाही. जुन्या पॅकमध्ये ती पाचर पडून गेलेली असू शकते. नसेल तर ती बसवल्याशिवाय पॅक लावायचाच नाही.

पट्ट्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सुती कापडाने पुसा. काळे ठिपके जात नसतील तर पांढरा, मऊ खोडरबर पट्टीच्या लांबीच्या दिशेने हलकेच पाच-सात वेळा फिरवा आणि पुन्हा अल्कोहोलने पुसा. शाईचा खरखरीत निळा खोडरबर, पॉलिश पेपर, ब्लेड यातलं काहीही वापरू नका. कल्हई खूप पातळ आहे. एका मित्राने दिलेल्या मशीनवर आधीच्या कोणीतरी पट्ट्या पॉलिश पेपरने घासून लखलखीत तांबड्या केल्या होत्या. त्या दोन महिन्यांत काळ्या पडल्या. शेवटी मी फ्लक्स लावून, कमी तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने पट्टीपट्टीवर पातळ डाग फिरवला आणि सोल्डर विकने जास्तीचा शोषून घेतला, तेव्हा ते मशीन मार्गी लागलं. हे काम सगळ्यांनी करावं असं नाही. सोल्डर जाड राहिला तर कनेक्टरच्या स्प्रिंगा कायमच्या फाकतात.

पॅकचा मादी कनेक्टर साफ करायला जुनं व्हिजिटिंग कार्ड उत्तम. अल्कोहोलमध्ये भिजवून दहा वेळा आत-बाहेर करा, काळं निघायचं थांबेपर्यंत नवं कार्ड घ्या. मग टॉर्चच्या उजेडात आत बघा. सगळ्या स्प्रिंगा एका ओळीत दिसायला हव्यात. एखादी मागे दबलेली असेल तर बारीक सुईने हळूच पुढे ओढून घ्या. तेलकट स्प्रे मारू नका, धूळ चिकटून आणखी चिखल होतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्टसाठीचं वंगण मिळालं तर त्याचा अगदी पातळ थर मात्र जरूर द्या. कथलाला हवा लागू न देणं हे फ्रेटिंगवरचं खरं औषध आहे.

मग त्याला हलूच द्यायचं नाही

नुसत्या सफाईने बिघाड महिन्याभरात परत येतो, हे मी तीनदा अनुभवलं. सफाई झाल्यावर मशीन आणि पॅक यांचं एकच शरीर करायला हवं.

मी ३० बाय २५ सेंटिमीटरचा, १२ मिलिमीटर जाडीचा प्लायचा तुकडा घेतला. मशीनचं तळ १६७ बाय १७५ मिलिमीटर, त्यामुळे मागे पॅकला भरपूर जागा उरते. मशीनच्या तळाला वेल्क्रोचे चार तुकडे लावून ते प्लायवर बसवलं. पॅक लावला. आता पॅकचा तळ आणि प्लाय यांच्यामध्ये जी फट राहते ती भरायची, आणि सगळी गोम इथेच आहे. टेकू उंच झाला तर तो पॅकला वर ढकलतो आणि खालच्या रांगेच्या स्प्रिंगांवरच सगळा दाब जातो. बुटका झाला तर पॅक लटकतच राहतो. मी पोस्टकार्डांची चवड लावली. एकेक कार्ड वाढवत गेलो आणि दर वेळी सर्वांत वर साध्या कागदाची पट्टी सरकवून बघितली. पट्टी मोकळी सरकते म्हणजे अजून एक कार्ड हवं. अडकून फाटते म्हणजे एक जास्त झालं. किंचित ओढ लागून सरकते, तीच उंची. तेवढ्या जाडीचा रबरी शीटचा तुकडा कापून प्लायवर चिकटवला. पॅकच्या मागे ॲल्युमिनियमचा एल आकाराचा तुकडा दोन स्क्रूंनी बसवला, म्हणजे पॅक मागे सरकणार नाही. त्याच्या आणि पॅकच्या मध्ये पातळ फोम, जेणेकरून दाब सारखा बसेल.

आता बटण कितीही जोरात दाबा, मशीन आणि पॅक एकत्रच राहतात. मशीन हलवायचं तर प्लाय उचलायचा. गेल्या दिवाळीत हे बसवलं, तेव्हापासून पॅक एकदाही काढलेला नाही, आणि 'रँड यूएसआर ०' करून दहापैकी दहा वेळा ३२७६८ येतो. पॅक काढायचा मोह आवरा. 'जरा बघूया तरी' म्हणून काढला की केलेली सफाई तिथेच संपते.

मेमोटेकचा मेमोपॅक ज्यांच्याकडे आहे त्यांचं काम थोडं सोपं आहे. त्याची पेटी मशीनच्या पाठीच्या आकारात घडवलेली असल्याने ती नुसती लटकत नाही. तरीही खालून टेकू द्याच.

संगमनेरचं मशीन

माझा मावसभाऊ संगमनेरजवळ राहतो. त्याच्या मशीनला मी वर सांगितलेलं सगळं केलं, पट्ट्या आरशासारख्या, पॅक घट्ट. ठाण्यात माझ्याकडे आठवडाभर व्यवस्थित चाललं. त्याच्या घरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी फोन आला, "दादा, तुझ्या फळीवर बसवूनही परत तेच होतंय रे." मी त्याला वेळा लिहायला सांगितल्या. सगळ्या संध्याकाळी साडेसहा ते आठच्या मधल्या निघाल्या. शिवारातले पंप सुरू व्हायची हीच वेळ.

झेडएक्स ८१चा मूळ ॲडॉप्टर ९ व्होल्ट ७०० मिलिअँपिअरचा, आणि रेग्युलेटेड नाही. म्हणजे भिंतीतला दाब जितक्या टक्क्यांनी घसरेल तितकाच बाहेरचाही घसरतो. २३०चे १९० झाले की ९चे साधारण ७.४ होतात. मशीनच्या आत ७८०५ रेग्युलेटर आहे. ५ व्होल्ट स्थिर द्यायला त्याला आत किमान ७च्या आसपास लागतात. त्यात जुन्या ॲडॉप्टरचा कॅपॅसिटर वाळलेला असेल तर व्होल्टेज सेकंदाला १०० वेळा खाली डुबकी मारतं. मल्टीमीटर सरासरी दाखवतो, त्या डुबक्या दाखवत नाही. पॅक नसताना ओढ कमी असल्याने मशीन तग धरतं, पॅक लावला की बसतं. म्हणून दोष पॅकवर येतो.

मीटर ५ व्होल्टच्या रेषेवर मशीनच्या बाजूला लावा, मग पॅकच्या बाजूला. दोन्हीकडे ४.७५ ते ५.२५च्या आत हवं, आणि दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. मशीनकडे ५.०० आणि पॅककडे ४.६ असेल तर वीज ठीक आहे, जोड वीज खातोय, पुन्हा सफाईकडे जा. मावसभावाकडे संध्याकाळी दोन्हीकडे ४.५च्या खाली आकडे आले. त्याला ९ व्होल्ट १ अँपिअरचा चांगला रेग्युलेटेड ॲडॉप्टर घ्यायला सांगितला आणि विषय मिटला.

नवा ॲडॉप्टर घेताना जपा. या मशीनला ३.५ मिलिमीटरचा जॅक लागतो, टोक धन आणि बाही ऋण. बाजारातल्या ॲडॉप्टरची पिन वेगळी असते, ती कापून जॅक लावावा लागतो, आणि लावल्यावर मीटरने टोक तपासल्याशिवाय मशीनला जोडू नका. कॅसेट प्लेअरची दोन भोकंही त्याच मापाची आणि शेजारीच आहेत. वीज चुकून तिकडे गेली तर मोठं नुकसान होतं, म्हणून मी माझ्या जॅकला लाल टेप गुंडाळलीय. आधी जॅक घालायचा, मग भिंतीवरचं बटण लावायचं. सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर घरात पडलाय म्हणून तो लावू नका. मशीन अर्धा अँपिअर ओढत असेल तर ९ व्होल्टवर रेग्युलेटरला २ वॉट उष्णता सोसावी लागते, १२ वर साडेतीन.

पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडणाऱ्या मशीनमध्येही बहुतेक वेळा हा तापलेला रेग्युलेटरच असतो. ७८०५च्या जागी बसणारा छोटा स्विचिंग रेग्युलेटर मिळतो, तो लावला की मशीन गारेगार राहतं. मात्र त्यासाठी मशीन उघडावं लागतं. पाच स्क्रू आहेत, त्यातले तीन रबरी पायांखाली लपलेले. वरचं झाकण झटकन उचलू नका. कीबोर्डच्या दोन पातळ फिती बोर्डात खोचलेल्या असतात, आणि चाळीस वर्षांनी त्या वाळक्या पानासारख्या झालेल्या असतात.

चिप गेली असेल तर

त्या काळच्या बहुतेक १६के पॅकमध्ये ४११६ जातीच्या आठ चिप असतात, एका बिटाला एक. त्यांना तीन वेगवेगळी व्होल्टेज लागतात. पिन ८वर अधिक १२, पिन ९वर अधिक ५, पिन १वर उणे ५, आणि पिन १६ जमीन. १२ आणि उणे ५ ही दोन पॅक स्वतःच मशीनच्या ९ व्होल्टपासून तयार करतो. पॅक उघडून या तीन पिनांवर मोजा. उणे ५ नसेल तर लगेच वीज बंद करा, कारण ते नसताना १२ चालू राहिले तर या चिप जळतात. तिन्ही व्होल्टेज बरोबर असून पॅक लावल्यावर 'के' येत नसेल आणि पॅक काढल्यावर येत असेल, तर एखादी चिप पूर्ण गेलीय. चालू असताना हाताला बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागते ती आधी बदला.

एवढा खटाटोप नको असेल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे पॅक आणि मशीन यांच्यामध्ये लवचीक रिबन केबल. तिने मशीनचा धक्का पॅकला पोहोचत नाही, पण जोड एकाचे दोन होतात, आणि केबल दहा-पंधरा सेंटिमीटरच्या वर गेली की सिग्नल बिघडायला लागतात. मला ही वाट पटत नाही. दुसरी वाट म्हणजे आतली १के काढून ६२२५६ ही एकच स्टॅटिक रॅम चिप बसवणं. तिला फक्त ५ व्होल्ट लागतात, ती गार राहते आणि मागे लटकणारं काही उरतच नाही. रोज वापरायचं मशीन असेल तर मी हेच सुचवेन. फक्त ज्या मशीनला मूळ अवस्थेत जपायचंय त्यावर हा प्रयोग करू नका, आणि यूएलए सॉकेटमध्ये असेल तर सोल्डरिंगच्या आधी ती काढून बाजूला ठेवा.

मदत मागायची असेल तर चार गोष्टी आधी लिहून द्या: दहा वेळा मोजलेले रॅमटॉपचे आकडे, पॅकच्या बाजूचं ५ व्होल्टचं मोजमाप, मशीन बंद पडायच्या वेळा, आणि पट्ट्यांचा भिंगातून काढलेला जवळचा फोटो. एवढं हातात असलं की बिघाड तिघांपैकी कोणता, ते बहुतेक वेळा मशीन न बघताही सांगता येतं.